बायजावहिनी रिकामं मडकं पाठवत नाही

आमच्या कुंभिवलीत कुणाचं कुणाशी पटो न पटो, एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. बायजावहिनीशी भांडण काढायचं नाही. काढायचंच असेल तर सकाळी काढावं, म्हणजे दिवेलागणीपर्यंत सुटायची आशा असते. माझ्या चुलतभावाची ती बायको. माझ्या दारासमोर तिचं दार आणि मधे बैलगाडी जाईल एवढीच वाट. आमच्याकडं टीव्ही फार उशिरा आला, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, ते या वाटेमुळंच.

तिचं माहेर कर्जतच्या पलीकडं, कुंभाराचं. इथं ती शेतकऱ्याच्या घरात आली, पण भाऊ सहदेव चाकावर मडकी घडवायचा आणि ही ती आणून हायवेच्या कडेला मांडायची. तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता. मुंबईहून पुण्याला निघालेला प्रत्येक माणूस आमच्या नाकासमोरून जायचा. मडक्यांच्या शेजारी ती पाटीत काकड्या ठेवायची. मडकं घ्यायला माणूस विचार करतो, काकडी घ्यायला करत नाही, आणि एकदा थांबला की मग तो वहिनीचा.

एकदा एक पांढरी गाडी थांबली. आतल्या गृहस्थानं काकडी घेतली, चिरून घेतली, तिखटमीठ लावून घेतलं, देठापर्यंत खाल्ली आणि म्हणाला, कडू आहे, पैसे मिळणार नाहीत. वहिनीनं वाद घातला नाही. भरलेली पाटी उचलली, गाडीच्या पुढच्या चाकाला लावून ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसली.

"कडू काकडी देठापरेंत खाल्लीस, म्हंजी तुझी जीभ बिघडली हाय. ती जाग्यावर येईपरेंत थांब. मी पन थांबते."

मागं ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. शेवटी गृहस्थाच्या बायकोनं खिडकीतून पैसे दिले. मग काच वर गेली आणि आत ती नवऱ्याला हातवारे करून काहीतरी सांगत राहिली. ते ऐकू आलं नाही, ही माझी आजवरची हळहळ.

धंद्याचे तिचे दोन रिवाज होते. पहिला म्हणजे मडकं हातात देण्याआधी त्याला टिचकी मारायची आणि तो खणखणीत आवाज गिऱ्हाइकाला ऐकवायचा. त्यानं मान हलवली की मडकं त्याचं. पुढं घाटात फुटलं तर आपला संबंध नाही. दुसरा रिवाज माहेरचा. कुंभाराच्या घरचं मडकं रिकामं उंबरा ओलांडत नाही. ते देताना आत मूठभर तांदूळ टाकायचे. रिकामं भांडं देणं म्हणजे घेणाऱ्याच्या घरी रिकामपण धाडणं. कुणी तिच्याशी तासभर हुज्जत घालून, चार शेलक्या शिव्या खाऊन मडकं नेलं तरी त्यातही मूठ पडायची. "तुझं तोंड वंगाळ हाय, तुझ्या पोरांनी काय केलंय," असं म्हणत ती टाकायची. मी एकदा म्हटलं, वहिनी, याला कशाला? तर म्हणाली, "भावजी, रिकामं भांडं मी दुश्मनाला पन देत नाय."

पुढं एक्सप्रेसवे झाला. गाड्या परस्पर पलीकडून निघून जाऊ लागल्या. आमच्या रस्त्याला उरले ट्रक आणि कारखान्यांच्या बसगाड्या. ट्रकवाला मडकं घेत नाही. वहिनीचा धंदा बसला, आवाज मात्र बसला नाही. तो सगळा घरात वापरावा लागला.

त्या घरात समीक्षा सून म्हणून आली. कर्जतला कॉलेज केलेली पोर. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला खरचटायचं. नवरा स्वप्नील साजगावच्या एका कारखान्यात लागलेला, कायम नव्हे, बोलावलं की जायचं. सासूसुनेचं जुंपलं की तो न बोलावताही जायचा.

अशा पगारावर घर चालेना, म्हणून समीक्षेनं मोबाईलवर दुकान काढलं. सहदेवमामाची मडकी, हंड्या, खापऱ्या, सगळ्यांचे फोटो काढून एका ॲपवर टाकले. वहिनीनं ते फोटो निरखून पाहिले आणि विचारलं, टिचकी कुठं मारायची. समीक्षा म्हणाली, काचेवर मारा.

दुकान चाललं. शहरातल्या लोकांना मातीत शिजवायची हौस आलेली. बघता बघता त्या घराचा किराणा, विजेचं बिल, समीक्षेच्या पोराची शाळेची फी, सगळं त्या मोबाईलमधून यायला लागलं. वहिनीनं कौतुक केलं नाही, पण खोक्यांवर चिकटपट्टी लावायला बसायला लागली. तिच्याकडून तेवढं पुष्कळ.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. हायवेवरचं निदान तोंड दाखवायचं. इथं एका बाईनं कळवलं, पार्सल मिळालंच नाही, पैसे परत द्या. पुढल्या आठवड्यात तिनंच त्या हंडीतल्या डाळीचा फोटो नटवून सजवून जगाला दाखवला. तिथून समीक्षेनं शिस्त लावली. घेणाऱ्याच्या फोनवर जो ओटीपीचा आकडा येतो तो सांगितल्याशिवाय पार्सल सोडायचं नाही. मग एकानं कळवलं, फुटकं आलं, आणि फोटो पाठवला. फोटोतल्या मडक्याच्या गळ्यावर पांढरी नक्षी होती. आमच्या सहदेवानं जन्मात नक्षी काढलेली नाही. ॲपवाल्यांना मात्र मडकं तेवढं सारखंच. त्यांनी त्याचे पैसे परत केले आणि समीक्षेला इशारा दिला, की आणखी एक तक्रार खरी ठरली तर दुकान बंद.

मग दुसरी शिस्त आली. मडकं बांधताना व्हिडिओ. टिचकीपासून खोक्यावरचा पत्ता दिसेपर्यंत, मधे न तोडता, एका दमात. मोबाईल धरायला मी. "नाना, हात हलवू नका, आणि गोष्टी सांगू नका," अशी ताकीद रोज मिळायची. पहिली मी पाळली.

थंडी पडली आणि शेतातल्या वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या भागात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीच्या रानझुडपाचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, ओवा, मीठ भरायचं, तोंड पाल्यानं बंद करून मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. ते मडकं काळंठिक्कर होतं, पण आतली शेंग खाल्लेला माणूस पुन्हा शहरात जायला कुरकुरतो. हल्ली ही हौस बंगलेवाल्यांनाही लागली आहे. पळसदरीला धरणाच्या बाजूला त्यांचे बंगले आहेत. शुक्रवारी येतात, रविवारी रात्री जातात.

त्यातल्याच एकाची ऑर्डर आली. डझनभर मोठी मडकी, शुक्रवारपर्यंत हवीत. मागोमाग त्याचा निरोप. ऑर्डर रद्द करा, इथल्या इथं तर आहे, कुणाला तरी पाठवून द्या, पैसे हातात देतो, मात्र भाव कमी करा. वहिनी लगेच तयार झाली. शेजारचं गाव, तोंड बघून पैसे घेईन म्हणाली. समीक्षा हलली नाही. ॲपच्या बाहेर व्यवहार केला की उद्या त्यानं काहीही म्हटलं तरी आपलं कोण ऐकणार, असं तिचं म्हणणं. मग बंगलेवाल्यानं कळवलं, आकडाबिकडा सांगणार नाही, वॉचमनकडे टाकून जा. समीक्षेनं त्यालाही नाही म्हटलं. त्यावर त्यानं लिहिलं, मडकी विकता आणि माज बँकेचा.

समीक्षेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वहिनी चिकटपट्टी दातानं तोडत होती.

"माज म्हनतो? बांध गं नीट. ह्याचं एक मडकं फुटता कामा नाय."

बांधली. मी व्हिडिओ घेतला. टिचकी, आवाज, लालभडक कोरी मडकी, आणि प्रत्येकात वहिनीची मूठ. तांदूळ त्यांच्याच खाचरातला, जाडा आणि लाल. असला तांदूळ आता गावातही दोन-चार घरंच लावतात. आतला दाणा सांडू नये म्हणून वहिनी मडक्याच्या तोंडाला कागद बांधायची आणि खोका बंद झाला की कानाशी धरून हलवायची. आत सळसळ वाजली की खोका पुढं सरकवायची.

शुक्रवारी दुपारी पार्सलं पोचली. संध्याकाळी तक्रार. जुनी, धान्य साठवलेली, किडकी मडकी माझ्या गळ्यात मारली, परत घ्या. सोबत फोटो, एका गोऱ्या तळहातावर वहिनीचे लाल तांदूळ. मडकं कुठं दिसतच नव्हतं.

समीक्षा घाबरली नाही. तिनं व्हिडिओ पाठवून दिला आणि निवांत जेवली. दुसऱ्या दिवशी ॲपच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड होता, निरोप नव्हता. तिचं म्हणणं असं, की तुमच्या व्हिडिओत विक्रेतीच मडक्यात धान्य टाकताना दिसते आहे, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं ते खरं. आणि व्हिडिओतली कोरी मडकी हीच त्यांच्या घरी पोचली, हे कशावरून? माल परत आला की काय ते ठरवू. तोवर दुकानाला कुलूप.

ज्या व्हिडिओनं वाचायचं त्याच व्हिडिओनं आम्हाला धरलं.

समीक्षेनं फोन खाली ठेवला आणि सासूकडं बघून एकच वाक्य बोलली. "आई, तुमच्या मुठीनं माझं दुकान बुडवलं."

मला वाटलं आता कौलं उडणार. पण वहिनी खालच्या आवाजात बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

"माझ्या मुठीनं कुनाचं घर बुडालं नाय. तुझं दुकानच वाऱ्यावरचं, त्याला मी काय करू?"

पुढले दिवस त्या घरात दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बोलायचं ते माझ्यामार्फत. मी पायरीवर बसलेला, एक उजवीकडून सांगणार, दुसरी डावीकडून. भावजी, त्या बाईला सांगा, डाळ करपली. नाना, त्यांना सांगा, करपली तर खाऊ नका. स्वप्नीलनं कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली. कुंभिवलीत रात्रपाळी मागून घेणारा पहिला माणूस तो.

दुकान उघडेल या आशेवर समीक्षेनं आधीच्या काही ऑर्डरी बांधून ठेवल्या, आणि त्या मूठ न टाकता. वहिनीनं ओसरीवरून जाताना एक खोका सहज उचलला, कानाशी धरला, हलवला. दुसरा हलवला. मग आतून विळा आणला आणि सगळ्या चिकटपट्ट्या टराटरा कापल्या. समीक्षा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, कापा, उद्या चूल पण कापा. वहिनीनं मूठ टाकली. समीक्षेनं ती काढली. वहिनीनं परत टाकली. मी तिथं होतो आणि माझ्या हातात मोबाईल होता, पण कुणी सांगितल्याशिवाय मी व्हिडिओ घेत नाही.

अशात माल परत आला. पार्सल आणणारा टेम्पोवाला घाईत होता. खोके ओसरीवर टाकले, आकडा सांगा म्हणाला, निघतो. समीक्षा म्हणाली, उघडून बघितल्याशिवाय आकडा देणार नाही. तो म्हणाला, ताई, आमच्यात तसं नसतं, अजून खूप घरं बाकी आहेत. त्यानं टेम्पो सुरू केला.

वहिनी आतून काकड्यांची ती जुनी पाटी घेऊन आली. इतकी वर्षं ती कोंबड्या झाकायला होती. तिनं ती गाडीच्या पुढच्या चाकाला लावली आणि शेजारी मांडी घालून बसली.

"बस रं बाबा. चा घे. आमी उघडतो, तू बघ, मग जा."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला खुणेनं सांगितलं, की पूर्वी पांढरी गाडीही थांबली होती. तो बसला.

मी मोबाईल धरला. समीक्षेनं आधी खोक्यांची चिकटपट्टी दाखवली, पत्ता दाखवला, मग कापली. पहिलं मडकं निघालं आणि अंगणभर ओव्याचा आणि जळल्या पाल्याचा वास सुटला. बाहेरून कोळशासारखं काळं. आत भांबुर्डीची पानं चिकटलेली, तळाला वालाच्या शेंगेचं साल. दुसरं तसंच. तिसरं तसंच. डझनभर मडक्यांची पोपटी खाऊन त्या गृहस्थानं मडकी परत धाडली होती, पैसे मागून.

पार्सलवाला म्हणाला, मस्त वास आहे. वहिनीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं चहात तोंड घातलं.

पण समीक्षेचा चेहरा उतरलेलाच. बंगलेवाला म्हणणार, अशीच काळी आली होती. आणि वर म्हणणार, धान्यही आहे, बघा. कारण धान्य होतं. प्रत्येक मडक्यात तळाशी तांदूळ होते.

तिनं एक मडकं तिरकं करून तळहातावर ओतलं. मग मडकं खाली ठेवून दाणे बोटानं पसरून पाहिले. म्हणाली, "नाना, जवळ या. हात हलवू नका."

तिच्या तळहातावर लांबसडक, पांढराशुभ्र, वासाचा तांदूळ होता. बिर्याणीचा.

पोपटी लावायला मडकी घेतली तेव्हा आमचा लाल तांदूळ कुठंतरी उपसून टाकला असणार. परत पाठवताना तक्रारीशी जुळावं म्हणून घरात जो होता तो त्यानं टाकला. आमच्याकडं कुणी असल्या तांदळाची मूठ टाकत नाही. तो सणालाही जपून शिजतो. पण त्याला काय ठाऊक, त्याच्या लेखी तांदूळ तेवढा सारखाच.

समीक्षा सासूशी बोलली. किती दिवसांनी, ते मी मोजलं नव्हतं.

"आई, आपले तांदूळ आणा जरा."

वहिनी उठली, मूठ भरून आली आणि सुनेच्या दुसऱ्या हातावर ठेवली. एका हातावर लाल, एका हातावर पांढरा. व्हिडिओत तो भाग फार चांगला आला आहे, मी स्वतः घेतलेला.

समीक्षेनं तो व्हिडिओ पाठवला, सोबत बंगलेवाल्याचा स्वतःचा फोटो, गोऱ्या तळहातावरच्या लाल तांदळाचा. तिनं लिहिलं, की आमच्या व्हिडिओतला लाल तांदूळच त्यांच्या फोटोत आहे, म्हणजे आम्ही बांधलेली कोरी मडकीच त्यांना मिळाली. मग परत आलेल्या मडक्यात हा पांढरा कुणी टाकला, ते त्यांना विचारा. ॲपवाल्यांनी विचारलं असावं. गृहस्थानं उत्तर दिलं नाही. तक्रार खोटी ठरली, कुलूप निघालं. खाली मात्र एक ओळ होती, यापुढे मालाच्या आत कुठलाही खाद्यपदार्थ घालू नये, घातल्यास दुकान कायमचं बंद.

समीक्षेनं ती ओळ वाचली, आणि दोघी पुन्हा एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पायरीवर सावरून बसलो.

भांडण झालं, पण अर्ध्या दिवसात आटोपलं. बंगलेवाल्यानं दोघींचा एवढा राग ओढून घेतला होता, की एकमेकींसाठी थोडाच उरला. वहिनीनं खोक्यात घालायचं फुग्याफुग्याचं प्लास्टिक माळ्यावर टाकलं आणि भाताचा पेंढा आणला. मडक्याच्या आत पेंढा, बाहेर पेंढा. मडकी फुटायची कमी झाली, खर्च वाचला, समीक्षा खूश. पण मी जवळून पाहिलं. झोडताना निसटलेली भाताच्या दाण्यांची एखादी लोंबी पेंढ्यात राहतेच, आणि वहिनी गंजीतून लोंबीच्याच काड्या शोधून मडक्याच्या आत सारत होती. समीक्षेनंही पाहिलं असणार. तिनं व्हिडिओत जवळून दाखवायला मला कधी सांगितलं नाही. खोका कानाशी धरून हलवला की अजून बारीक सळसळ येते.

यंदा थंडी पडली आणि पळसदरीहून ऑर्डर आली. नाव बाईचं, पत्ता तोच. समीक्षेला ती नाकारायची होती, पण ऑर्डरी नाकारल्या तर ॲप दुकानाला मागं ढकलतं. ती चिडून म्हणाली, बांधावं लागणार.

वहिनी म्हणाली, बांधूया की.

तिनं स्वतः उठून माळ्यावरचं फुग्यांचं प्लास्टिक काढलं. प्रत्येक मडकं हातात घेतलं, टिचकी मारली, आवाज मोबाईलला ऐकवला. मग मडकं उलटं केलं आणि तळावर थापटलं. आतून काही पडलं नाही. तरी पुन्हा थापटलं. पदर आत घालून पुसून घेतलं.

"भावजी, नीट दाखवा. आत काय नाय. एक दाना नाय."

समीक्षेचा चिकटपट्टीचा हात थांबला. ती रुक्ष पोर, देवाला हात जोडतानाही घड्याळ बघणारी. ती म्हणाली, "आई, दोन काड्या तरी टाका."

"नाय. त्याला नेमाप्रमानं जाऊ दे."

वहिनीनं खोका बंद केला, वर पत्ता दिसेपर्यंत मला थांबवलं. मग खोका उचलून माझ्या कानाशी धरला आणि चांगला हलवला. काहीच वाजलं नाही.